ओढ्यावरची सोप्रानो

“काय चावलं का पोरीला?”

चेअरमन हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले होते. मांडीवरचा हार खाली घरंगळला होता. स्टेजवर राही डोळे मिटून, दोन्ही हात पोटापाशी धरून गात होती आणि गाणं आता कुठं तापायला लागलं होतं.

मी शेजारी उभा राहून क्लॅरिनेट वाजवत होतो. तोंडात वाद्य असलं की उत्तर देता येत नाही, म्हणून मी भुवया हलवून सांगायचा प्रयत्न केला, की साहेब, बसा, हे असंच असतं. पण भुवयांची भाषा साखर कारखान्यात कुणाला कळते! दोन वॉचमन काठ्या घेऊन स्टेजखाली शिरले आणि नाग शोधायला लागले. राहीचा सूर आणखी एक पायरी वर गेला. मांडवामागं उसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या अकरा बैलजोड्या गाडीवानांना न विचारता थेट ऊस टाकायच्या गव्हाणीकडं निघाल्या आणि त्या वर्षीचा पहिला ऊस मुहूर्ताच्या पाऊण तास आधीच गाळला गेला.

“बास, बास!” हंबीररावांनी माईक ओढून घेतला. “बाई, लय झालं. दुखत असंल तर कारखान्याची जीप देतो. मिरजंला जावा, दवाखान्यात.”

“मी मिरजेहूनच आलेय,” राही म्हणाली.

“मग? काय म्हनले डॉक्टर?”

राहीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर बरं झालं असतं. नुसता वैताग होता.

“मामा, चला,” ती म्हणाली. “क्लॅरिनेट पुसून घ्या.”

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या हंगामाची. तोवर असे सात कार्यक्रम झाले होते आणि सातही असेच संपले होते.

मी दादासो. सांगलीत लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. त्याआधी पंधरा वर्षं पलटणीच्या बँडात होतो, हवालदार म्हणून सुटलो. पाच रेघांवर काळे ठिपके मांडून लिहिलेलं विलायती संगीत वाचता येणारा सांगलीपासून साताऱ्यापर्यंत मी एकटाच माणूस होतो. त्यामुळं ही मुलगी माझ्या दारात आली. मी गेलो नव्हतो शोधत.

तिचे वडील जोतीराम मिरजेत मिशनच्या आवारात माळी होते. तिथल्या एका डॉक्टरांच्या बायको, सगळे त्यांना मेमसाहेब म्हणत, तरुणपणी त्यांच्या देशात मोठ्या गायिका होत्या. बारा वर्षांची राही झाडांना पाणी घालताना जोंधळ्याची पाखरं हाकतात तशी हाळी देत होती, ती मेमसाहेबांनी ऐकली आणि हातातली झारी काढून घेतली. पुढं आठ वर्षं रोज पहाटे पोरीला जमिनीवर उताणं झोपवायचं, पोटावर दोन विटा ठेवायच्या आणि श्वासानं त्या उचलायला लावायच्या. “राही, गला नको! पोट! पोट!” एवढंच मराठी त्यांना पक्कं येत होतं. बायकी आवाजातला जो सगळ्यात वरचा मजला असतो, त्याला त्यांच्याकडं सोप्रानो म्हणतात. राही त्या मजल्यावर राहायला गेली आणि मेमसाहेब बहात्तर साली निवृत्त होऊन आपल्या देशी निघून गेल्या. मागं वह्यांची एक पेटी ठेवली, आणि वर राहणारी ही मुलगी. खाली उतरायला जिना कुणी बांधलाच नव्हता.

दिवसा ती सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. तिची ड्युटी असली की कराडला ट्रंक कॉल जोडावा लागत नसे, नुसतं खिडकी उघडून निरोप सांगितला तरी चाले, असं तिथले लोक म्हणत. ड्युटी सुटली की आम्ही दोघं काम शोधत हिंडायचो.

नाटक कंपनीच्या मालकांनी तिला ऐकलं आणि विचारलं, “हिचा आवाज थरथरतो का? थंडी वाजते का हिला? शाल द्या रे.” मी सांगितलं, की साहेब, तो थरथराट शिकवून आणलाय, त्याला आठ वर्षं लागली. ते म्हणाले, “मग काढायला किती लागतील?” त्यांच्या पेटीवाल्यानं राहीचा सूर धरायला उजवीकडं बोटं सरकवली, सरकवली, आणि पट्ट्या संपल्यावर पेटीच्या लाकडावर बोट दाबून बसला.

माझ्या बँडमालकानं एका वरातीत तिला गायला उभं केलं. घोडी उधळली. नवरदेव माधवनगरच्या पुढं सापडला, मुंडावळ्यांसकट. त्याला विचारलं तर म्हणाला, झालं ते बरंच झालं, विचार करायला वेळ मिळाला.

फक्त एकदा मी तिला मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत घेऊन गेलो होतो. एका दुकानात म्हातारे कारागीर भोपळा तासत बसले होते. भिंतीला वीस-बावीस सतारी टांगलेल्या. मी म्हटलं, चाचा, पोरीचा आवाज जरा ऐका. राहीनं एकच लांब सूर लावला आणि थांबली. पण सूर थांबला नाही. भिंतीवरच्या सगळ्या सतारींच्या तारा कुणी हात न लावता गुणगुणत होत्या. म्हाताऱ्यांनी पटाशी खाली ठेवली. “बेटी, आणखी एकदा,” म्हणाले. माझ्या सांगण्यात थोडं इकडंतिकडं होतं हे मला मान्य आहे. पण हे असंच झालं, तसूभर वाढवलेलं नाही.

सतारींना कळलं. माणसांना कळायची वाट पाहत वर्ष गेलं.

मग चौऱ्याहत्तरच्या आषाढात मुंबईहून पत्र आलं. मेमसाहेबांनी तिकडून कुणालातरी लिहिलं होतं. मिस फर्टाडो नावाच्या बाई, मुंबईत विलायती गाण्याची शाळा आणि समूहगानाची मोठी संस्था चालवणाऱ्या, नागपंचमीनंतरच्या रविवारी मिरजेला यायच्या होत्या. सकाळी दहा वाजता मिशनच्या सभागृहात त्या राहीला ऐकणार. पसंत पडली तर मुंबईत राहायची सोय, पुढचं शिक्षण आणि संस्थेत एकटीनं गायची जागा. दुपारी बाराच्या गाडीनं त्या परत जाणार. पुन्हा या बाजूला येणं होणार नाही, असंही लिहिलं होतं.

राहीनं रजा टाकली आणि बोलणं बंद केलं. गळा जपायचा म्हणून. हातात पाटी-पेन्सिल. मीठ हवं असलं तरी पाटीवर लिहायची. जोतीरामला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तो आठ दिवस अळणी जेवला.

आणि पंचमीच्या तीन दिवस आधी मनुबाई आली.

मनुबाई राहीची आत्या. आई गेल्यावर राहीला सात वर्षं तिनंच सांभाळलेलं, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या सासरी. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. त्याला अलीकडची वाडी म्हणू, आणि ओढ्यापल्याड जी आहे तिला पलीकडची वाडी. दोन्हीकडच्या बाया अजून हयात आहेत आणि मला या वयात शिव्या सोसत नाहीत.

कारण या दोन वाड्यांचा रिवाजच शिव्यांचा. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि सूर्य कलेपर्यंत एकमेकींना शिव्या देतात. त्याला बार म्हणतात. बार झाला नाही तर पाऊस रुसतो, गुरं आजारी पडतात, अशी समजूत. ओढ्यात पुढं एक सपाट दगड आहे. अलीकडच्या वाडीची म्होरकी त्या दगडावर उभी राहते. तीस वर्षं तो दगड मनुबाईचा होता.

आणि शिमग्यापासून मनुबाईचा आवाज गेला होता. मिरजेला ती गळा दाखवायला आली होती. डॉक्टरांनी गाठ सांगितली, पंधरा दिवसांनी ऑपरेशन. त्याचं तिला काहीच नव्हतं.

“पोरी,” ती कुजबुजली. सुपात धान्य घोळवल्यासारखा आवाज. “औंदा दगडावर तू हुबी ऱ्हायाची.”

राहीनं पाटीवर लिहिलं आणि पाटी पुढं केली.

“मला काय दावतीस? दादासो, काय लिवलंया?”

“रविवारी गाणं आहे, असं लिहिलंय.”

“मग? बार बुधवारी हाय. रविवार लय लांब.”

“आवं मनुबाई,” मी म्हटलं, “उभं आयुष्य टांगलंय त्या रविवारला. ओरडून गळा बसला म्हणजे?”

“माजा बसलाच की. मेले व्हय मी?” मग ती राहीकडं वळली. “आपल्या घरची बाई दगडावर दिसली न्हाई, तर त्यो दगड कोंडीबा सरपंचाची बायको घेती. हरणाबाई. तिला दोन शिव्या येत न्हाईत धड. तू नुसती तोंड हलव. बाकीच्या वरडत्यात.”

राहीनं पाटी पुसली. मग पुसलेलीच पाटी पुन्हा पुसली आणि पिशवी भरायला लागली. मी डोक्याला हात लावला, आणि क्लॅरिनेट घेऊन निघालो. गळ्याला कुणीतरी राखणदार हवा होता.

बुधवारी ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. अलीकडं दीडशे बाया, पलीकडं दोनशे. मागं हलग्या, ताशे, तुताऱ्या, आणि त्यांच्याही मागं दोन्हीकडचे पुरुष, बायकांच्या तोंडून आपापली बिंगं फुटताना मान खाली घालून ऐकणारे. राही गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून दगडावर उभी. मागं तिच्या खांद्याला धरून मनुबाई, आणि हाताच्या अंतरावर काठाशी मी.

पलीकडची म्होरकी दगडाबाई. साठीची बाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की काठ जरा खचल्यासारखा वाटायचा.

“मनेऽऽ!” तिनं सुरुवात केली. “तुजं तोंड कुनी लिंपलं गं? चुलीसंगं तुलाबी पोतारलं काय? आन ही म्होरं कोन हुबी केलीया, गळ्याला घोंगडं बांधून? शेरडू हाय का मानूस?”

पलीकडचा काठ हसला. मनुबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. तिनं पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि पुन्हा हवाच. आता पलीकडच्या बाया पोट धरून हसत होत्या. अलीकडं मात्र कुणी कुणाकडं पाहत नव्हतं.

राहीनं मफलर सोडला आणि माझ्या हातात दिला.

“मामा, वरचा सा द्या,” ती म्हणाली. रजा टाकल्यापासून पहिल्यांदा बोलली. “आत्या, तू कानात सांग. मी म्हणते.”

“अगं, ओरडू नको!” मी म्हटलं.

“ओरडतंय कोण? पोट कशाला दिलंय?”

मी सूर दिला. मनुबाई तिच्या कानाशी लागली. आणि मग मिरजेच्या आवारात आठ वर्षं विटा उचलून कमावलेला तो आवाज, विलायतेच्या मोठमोठ्या दिवाणखान्यांसाठी घडवलेला, ओढ्यावरून गेला:

“दगडेऽऽऽ, तुज्या नवऱ्यानं रानात बुजगावनं लावलं न्हाईऽऽऽ, तुलाच हुबी केलीऽऽऽ!” इथं एक लांब चढण, मग वर थरथरत थांबा, आणि एकेक पायरी खाली: “पाखरं दुसऱ्या तालुक्यात ऱ्हायाला गेलीऽऽऽ!”

पलीकडच्या हलग्या थांबल्या. एका हलगीवाल्याच्या हातून टिपरू ओढ्यात पडलं.

“दगडेऽऽऽ, तुज्या दारचा च्या पाव्हन्यानं तसाच ठेवलाऽऽऽ, म्हशीनं हुंगलाऽऽऽ, आन म्हस आटलीऽऽऽ!”

“आगं बया,” दगडाबाई शेजारणीला म्हणाली. एवढी शांतता झाली होती की तिचं पुटपुटणंही आम्हाला ऐकू आलं. “ही शिवी हाय का आरती?”

दोन तास राही गायली. मनुबाईच्या तीस वर्षांच्या साठ्यातलं सगळं गायली, त्यात छापण्याजोगं एवढंच होतं. गळ्याला तोशीस नाही, सूर कुठं फाटला नाही. पलीकडून उत्तर आलं नाही. माझं काळीज जागेवर आलं. मी मनाशी म्हटलं, सुटलो, उद्याची गाडी धरू.

पण रिवाज तिथं संपत नव्हता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बार संपताना एका काठाच्या बाया दुसऱ्या काठची एखादी बाई ओढून नेऊ शकतात. दगडाबाईच्या चार सुना कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या, दगडावरून राहीला उचललं आणि लग्नातली रुखवताची बाहुली न्यावी तशी पलीकडं घेऊन गेल्या. मी क्लॅरिनेट डोक्यावर धरून पाण्यात उडी घेतली. वाद्य तरीही भिजलं.

ओढून नेलेल्या बाईचे हाल करत नाहीत. उलट पाटावर बसवतात. पुरणपोळी, बांगड्या, हिरवं लुगडं. फक्त तिला परत न्यायचं असेल तर तिच्या गावच्या बाईनं नारळ-खण घेऊन यावं लागतं आणि पदर पसरून मागावं लागतं. जी मागायला आली ती हरली.

“दगडाबाई,” मी तिच्या सोप्यात उभा राहून सांगितलं, अंगावरून पाणी निथळत होतं, “पोरीला रविवारी दहाला मिरजेत पोचायचंय.”

“जाऊंद्या की. आडवलंया कुनी? तिच्या गावचं मानूस येऊंद्या, मागूंद्या, लगी धाडते. तशीच धाडली तर लोक म्हनतील, दगडाबाईनं पाव्हनी हाकलली.”

मी ओढा ओलांडून कोंडीबा सरपंचाकडं गेलो.

“आमी मागायचं?” कोंडीबा पान जुळवत म्हणाला. “गड्या, शिव्यात जिकलो की आमी! जिकल्यावर मागायला गेलो तर हरलो न्हाई का? ऱ्हाऊंद्या चार दिस. खाऊन-पिऊन अंगानं भरंल.”

मी पुन्हा ओढा ओलांडला. गुरुवारी चार वेळा, शुक्रवारी पाच. पलटणीत असताना दोन देशांच्या सैन्यांत तह होताना मी वाजवलंय. पण तो तह याच्यापुढं पोरखेळ होता. पलीकडची माणसं ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि म्हणायची, मागायला येऊंद्या. अलीकडची ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि म्हणायची, आमी मागायचं?

राही काय करत होती? शिव्या देत होती. पलीकडच्या वाडीत घरोघरी तिला बोलावणं. हिच्या तोंडची शिवी दारात पडली तर वर्ष चांगलं जातं, असं दोन दिवसांत ठरून गेलं होतं. साळूबाई नावाच्या एका म्हातारीनं तर ओवाळून विनवलं, “मला जरा मोठी दे गं माय. शेजारनीला दिलीस तेवढीच नगं.”

“मामा,” राही मला म्हणाली. नव्या हिरव्या लुगड्यात, दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. “मी आठ वर्षं शिकले ती याच्यासाठी?”

“तू पळत का नाहीस?”

“पळाले की काल. एसटीत बसले. कंडक्टर इथलाच निघाला. दगडाबाईची पाहुणी मागणीशिवाय नेली तर मला घरात घेणार नाहीत म्हणाला. दारापर्यंत आणून सोडलं. तिकिटाचे पैसे परत दिले वर.” ती हसली. “या सगळ्यांना माझा आवाज आवडलाय, मामा. पहिल्यांदाच. आणि त्यांच्या आवडण्यानंच माझं सगळं जाणार.”

शनिवारी मी मनुबाईकडं गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. मी तिला काहीच मागितलं नाही. एवढंच सांगितलं, की सकाळी दहाला ती बाई ऐकणार, बाराला गाडीत बसणार, आणि पुन्हा येणार नाही. मनुबाईनं मान हलवली. मला वाटलं, बाकीचं गाव हलवतं तशीच, नुसती ऐकून घेतल्याची.

रविवारी दिवस वर येताना ती ओढ्यात उतरली. एका हातात नारळ, काखेत खण आणि तांदूळ. अलीकडच्या काठावर बातमी पोचली होती. कोंडीबा ओरडत होता, “मनुबाई, मागं फिर! समद्या गावाचं नाक कापतीस!” ती फिरली नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा तिनं नारळ डोक्यावर धरला.

दगडाबाईच्या दारात येऊन तिनं राहीची ओटी भरली. मग दगडाबाईपुढं उभी राहिली आणि पदर पसरला. बोलायला गेली तर नुसती हवा आली. ओल्या पदरातून पाणी गळत होतं.

“तोंडानं मागाया पायजे,” एक सून म्हणाली. “रीत हाय.”

दगडाबाईनं वळून तिच्याकडं पाहिलं. “मागितलं तिनं. म्या ऐकलं. तू भाईर जा.”

रहिमतपूरला आम्हाला गाडी मिळाली तेव्हाच दहा वाजून गेले होते. राही खिडकीशी बसली, बाहेर बघत. मला वाटलं, आता तरी रडेल. ती म्हणाली, “गाडी किती सावकाश जातेय. माणसं आत झोपलीत, त्यांच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून असेल.”

साडेबारा-एकच्या सुमाराला गाडी ताकारीला थांबली ती थांबलीच. एकेरी रूळ, समोरून गाडी यायची असली की एकीनं बाजूला उभं राहायचं. मी खाली उतरून स्टेशन मास्तरांना विचारलं, कुठली गाडी? “मिरजेची,” ते म्हणाले. “मुंबईला जाणारी.”

मी डब्याकडं वळलो. राही खाली उतरलेलीच होती.

ती गाडी आली आणि आमच्या समोर उभी राहिली. दोन गाड्यांच्या मधे खडीची एक बोळ. मिस फर्टाडोंना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. मी फर्स्ट क्लासच्या काचा ठोकत पळत होतो. एकीत जावळाचं बाळ, एकीत झोपलेला मारवाडी, एकीत पत्ते. वेळ किती, तर सिग्नल पडेपर्यंत.

“मामा, सूर द्या.”

मी क्लॅरिनेट तोंडाला लावली. ओढ्याचं पाणी पिऊन फुगलेली तिच्या तोंडाची पत्ती, नुसती फसफसली.

“राहू द्या,” राही म्हणाली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पायात एकच चप्पल. दुसरी डब्याच्या पायरीशी निसटली होती. तिनं डोळे मिटले, हात पोटापाशी घेतले, आणि मेमसाहेबांनी शेवटच्या वर्षी शिकवलेलं गाणं सुरू केलं.

दोन्ही गाड्यांच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या. “काय हरवलं गं बाई तुजं?” थर्ड क्लासातून एका म्हातारीनं विचारलं. कुणी म्हणालं, भीक मागायची नवी तऱ्हा दिसतेय. कुणी म्हणालं, नवऱ्यानं टाकली असेल. एका खिडकीतून अर्धी भाकरी पुढं आली. राही गात राहिली. पुढून तिसऱ्या डब्यात एक काच वर गेली. कापलेले पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. बाईंच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला.

सिग्नल पडला. शिटी झाली. त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. राही थांबली नाही, गाणं अर्धं टाकायचं तिला शिकवलंच नव्हतं. गाडी हलली. मी पाहिलं, की त्या बाई खिडकीत उभ्या राहिल्या आहेत, चालत्या गाडीत, एका हातानं गज धरून. गार्डाचा डबा गेला तरी राहीचा शेवटचा सूर संपायचा होता. मग तिनं खाली वाकून खडीतली चप्पल शोधली.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता, की कधी येतेस.

पुढच्या नागपंचमीला राही मुंबईत होती. त्याच आठवड्यात एका कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेवर तिचं नाव आलं, एकटीनं गाणार म्हणून. ती पत्रिका घेऊन मी पंचमीच्या दिवशी अलीकडच्या वाडीला गेलो. मनुबाईला दाखवली. नाव कुठं आहे ते मी बोट ठेवून सांगितलं. तिनं त्या जागेवर आपलं बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. ऑपरेशनात गाठ गेली होती आणि जो काही आवाज उरला होता तोही गेला होता. दगडही गेला होता. गावाचं नाक कापणाऱ्या बाईला कोण पुढं उभं करणार?

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बार होता, तेव्हा मनुबाई सगळ्यात मागं, म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी होती. दगडावर सरपंचाची हरणाबाई. हलग्या सुरू झाल्या. हरणाबाईनं एक शिवी दिली, मग दुसरी. तिच्याजवळ होत्या तेवढ्या झाल्या.

आता पाळी दगडाबाईची. कमरेवर हात ठेवून ती या काठावरची तोंडं एकेक करून बघत होती.

“मनी कुटं हाय?” तिनं विचारलं.

अलीकडच्या बाया मागं वळून म्हाताऱ्यांच्या रांगेकडं बघायला लागल्या.

“मनीला म्होरं आना. त्याबगर मी तोंड उघडायची न्हाई. पाऊस ऱ्हाईला तर ऱ्हाईला.”

कोंडीबानं काहीतरी पुटपुटून पाहिलं. मग हरणाबाई दगडावरून खाली उतरली. बाया बाजूला सरकल्या. मनुबाई त्यांच्यामधून चालत पुढं आली, पाण्यातून दगडावर चढली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

दगडाबाईनं छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली. मनुबाईच्या सात पिढ्यांपासून, एकालाही न वगळता, दम न घेता, पाव तास. तसल्या शिव्या मी पलटणीतही ऐकल्या नाहीत.

मनुबाई मान ताठ ठेवून, हात पोटाशी जुळवून ऐकत उभी होती.